‘आक्रोश’ पाहून झोप उडाली, तर तो आजार नव्हे

‘डॉक्टर, सिनेमा पाहून माणूस आजारी पडतो का हो?’ हा प्रश्न मला दवाखान्यात अधूनमधून विचारला जातो. विचारणारा बहुधा ओशाळलेला असतो. आधी छातीत धडधड, मग झोप न लागणे, मग अन्नावरची वासना उडणे, अशा तक्रारी सांगून होतात. रक्तदाब मोजला जातो, हृदयाचा आलेख काढला जातो, त्यात काही निघत नाही. मग उठता उठता, दाराजवळ थांबून, तो खरी गोष्ट सांगतो. परवा रात्री अमुक एक सिनेमा पाहिला आणि तेव्हापासून हे सुरू झाले.

गेल्या पावसाळ्यात आलेले एक शिक्षक असेच होते. वय चाळिशीच्या आत, व्यसन नाही, मधुमेह नाही. घरातली माणसे झोपल्यावर कानाला इअरफोन लावून त्यांनी मोबाइलवर ‘आक्रोश’ पाहिला होता. ‘शेवटची ती किंकाळी कानातून जात नाही,’ ते म्हणाले. ‘वर्गात पोरींकडे पाहिलं की ती कुऱ्हाड आठवते. मला वेड तर लागणार नाही ना?’

मी त्यांना म्हणालो, ‘सर, तुमचं हृदय ठणठणीत आहे आणि डोकंही.’ त्यांना पुढे जे समजावले तेच आज सविस्तर लिहितो आहे. असा सिनेमा पाहून अस्वस्थ होणे हा आजार नाही. ते मन शाबूत असल्याचे लक्षण आहे. मात्र ही अस्वस्थता एकट्याने, मध्यरात्री, अंधारात सोसायची गोष्ट नव्हे. तिला सोबत लागते. ती सोबत आपल्याकडून नाहीशी होत चालली आहे, आणि मला खरी काळजी तिची वाटते.

चार ओळींची बातमी आणि पडद्यावरचा लहान्या

ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ‘आक्रोश’ १९८० सालचा. छायालेखक म्हणून नाव मिळवलेल्या गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. पटकथा विजय तेंडुलकरांची. १९८१ च्या भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्णमयूर मिळाला. लहान्या भिकू नावाच्या आदिवासी मजुरावर स्वतःच्या बायकोच्या खुनाचा आरोप आहे. ओम पुरी यांनी ही भूमिका केली, आणि जवळजवळ सगळा सिनेमाभर हा माणूस तोंड उघडत नाही. बचावाचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी, म्हणजे नसीरुद्दीन शाह, त्याला परोपरीने विचारतो. तो फक्त पाहत राहतो. त्याची बायको नागी म्हणजे स्मिता पाटील. गावातल्या बड्या मंडळींनी तिच्यावर अत्याचार केला, तिचा जीव घेतला आणि खुनाचा आळ नवऱ्यावर आणला. शेवटी वडिलांच्या अंत्यसंस्कारासाठी लहान्याला पोलिसांच्या पहाऱ्यात आणतात. तिथे त्याची तरुण बहीण उभी असते. नागीचे झाले तेच आता हिचे होणार, हे त्याला दिसते. तो कुऱ्हाड उचलतो आणि बहिणीलाच मारतो. मग इतका वेळ मुका राहिलेला तो माणूस आभाळाकडे तोंड करून किंचाळतो.

आता गंमत पाहा. मारधाडीच्या धंदेवाईक सिनेमात याच्या दसपट रक्त सांडते. नायक एकटा पंधरा जणांना लोळवतो आणि आपण शेंगदाणे खात घरी येतो. कोणाची झोप उडत नाही. याचे कारण तिथे हिशेब चुकता होतो. दुष्टाला शिक्षा मिळते, वाचलेले एकमेकांना भेटतात, दिवे लागतात. ‘आक्रोश’मध्ये हिशेब उघडाच राहतो. लहान्याचे पुढे काय होणार, त्या बड्या मंडळींना कोण विचारणार, हे प्रश्न प्रेक्षकाबरोबर घरी येतात. मनाला अर्धवट राहिलेली गोष्ट पुन्हा पुन्हा उकरून पाहायची सवय असते.

दुसरे असे की अशा घटना आपल्याच वर्तमानपत्रात चार ओळींत येतात. सकाळी चहा पिताना आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. त्या चार ओळींना चेहरा नसतो. सिनेमा त्यांना डोळे देतो, घाम देतो, आवाज देतो. चार ओळी वाचून जे वाटायला हवे होते ते सिनेमा पाहून वाटले, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून शिक्षकांना मी म्हणालो की वर्गातल्या पोरींकडे पाहून तुम्हाला काळजी वाटली, यात वेड कुठे आले?

शरीर सिनेमा आणि सत्य असा भेद करायला थांबत नाही

तरीही त्रास होतो तो खराच असतो, आणि तो कसा होतो हे समजून घेतले की निम्मी भीती कमी होते.

मेंदूच्या दोन्ही बाजूंना, आत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक छोटासा भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची घंटा वाजवणे हे त्याचे काम. समोर उगारलेली कुऱ्हाड दिसली की विचार करणारा मेंदू ‘अरे, हा तर सिनेमा आहे’ असे म्हणेपर्यंत ही घंटा वाजून गेलेली असते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रिनॅलिन हा स्राव रक्तात उतरतो. नाडी जलद होते, तळहातांना घाम येतो, तोंड कोरडे पडते, पोटात गोळा येतो. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी शरीराने केलेली ही तयारी असते. प्रेक्षक मात्र खुर्चीत बसून असतो. तो ना पळतो, ना लढतो. अॅड्रिनॅलिनचा जोर लवकर ओसरतो, पण त्याच्या पाठोपाठ वाढणाऱ्या कॉर्टिसॉल या स्रावाचा अंमल अधिक वेळ राहतो. सिनेमा संपून तास झाला तरी अंग ताठलेले राहते ते यामुळे.

काही जणांचे याच्या उलट होते. रक्त किंवा जखम पाहताच त्यांची नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि ते कोसळतात. हा भित्रेपणा नव्हे. चांगले धिप्पाड तरुणही इंजेक्शनची सुई पाहून असे पडतात. अशा वेळी माणसाला उचलून बसवू नका. त्याला आडवे निजवा, पाय उशीवर किंवा पिशवीवर थोडे उंच ठेवा, भोवतालची गर्दी हटवा. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. बहुतेक जण एक-दोन मिनिटांत डोळे उघडतात.

आपण पडद्यावरच्या दृश्याकडे कोणत्या नजरेने पाहतो, यावरही शरीर किती तापणार हे ठरते. अमेरिकेतील बर्कले येथे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. तो १९६४ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या एका विधीतील शस्त्रक्रियेचा, पाहवणार नाही असा लघुपट त्यांनी वेगवेगळ्या गटांना दाखवला. चित्रे तीच, निवेदन मात्र वेगळे. एका निवेदनात वेदनेवर भर होता, दुसऱ्यात अभ्यासकाच्या तटस्थपणे माहिती दिली होती. प्रेक्षकांच्या कातडीवर सुटणारा घाम यंत्राने मोजला गेला. तटस्थ माहिती ऐकणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण कमी भरला. शेजारी बसलेला जाणता माणूस दोन शब्द समजावून सांगतो, तेव्हा त्याचा उपयोग केवळ डोक्याला होत नाही, अंगालाही होतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक असावे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात युद्ध, मरण अशा गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकातून सांगाव्यात असा दंडक आहे. पण त्याच ग्रंथात भयानक आणि बीभत्स यांना रसांच्या पंक्तीत मानाचे पान आहे. भीती आणि किळस त्यांनी रंगभूमीवरून हद्दपार केली नाही. त्यांनी प्रेक्षक आणि ते दृश्य यांच्यात थोडे अंतर ठेवले. मोबाइलवर मात्र पडदा डोळ्यांपासून वीतभर असतो आणि आवाज थेट कानाच्या आत.

रात्रीची वेळ

मनावर उमटलेले दृश्य लगेच पक्के होत नाही. पुढच्या काही तासांत ते मुरते. या काळात आपण काय करतो याला महत्त्व आहे. इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे एमिली होम्स यांनी सहकाऱ्यांसह केलेला एक प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. लोकांना अपघात आणि मृत्यूची दृश्ये असलेली १२ मिनिटांची फिल्म दाखवली. अर्ध्या तासाने निम्म्या लोकांना टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ १० मिनिटे खेळायला दिला, बाकीचे नुसते बसून राहिले. पुढच्या आठवडाभरात ती दृश्ये नकळत डोळ्यांसमोर येण्याचे प्रमाण खेळणाऱ्यांत कमी आढळले. डोळे आणि हात दुसऱ्या कामात गुंतले की भयंकर चित्राला मनात घट्ट बसायला जागा कमी मिळते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

म्हणजे सिनेमा संपल्यावर दिवा मालवून तसेच पांघरुणात शिरणे ही सर्वांत वाईट पद्धत. डोळे मिटून, हात मोकळे ठेवून, अंधारात पडून राहिले की तेच दृश्य फिरत राहते. ते फिरू नये म्हणून कोणी दोन पेग घेतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते आणि पहाटे घाम फुटून जाग येते. कोणी औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणतात. अशा गोळ्यांची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. फार मोठ्या आघातानंतरसुद्धा पहिल्या महिन्यात या वर्गातील गोळ्या त्रास कमी करण्यासाठी देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०१३ सालचे मार्गदर्शन आहे. मग सिनेमाने उडालेल्या झोपेसाठी त्या कशाला?

बहुतेकांचा त्रास दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्याभरात, आपोआप ओसरतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आजारांची जी नवी सूची काढली, तिच्यात हे स्पष्ट केले आहे की केवळ टीव्ही, सिनेमा किंवा चित्रांतून पाहिलेल्या हिंसेला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर जडणारा दीर्घ मनोविकार, याचे कारण धरू नये. अपवाद ज्यांना कामाचा भाग म्हणून अशी दृश्ये पाहावी लागतात त्यांचा. नुसता सिनेमा पाहून कोणी वेडा होत नाही, हे शिक्षकांना मी याच आधारावर सांगू शकलो.

ज्यांची जखम जुनी आहे

पण इथे थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. माझ्याकडे येणाऱ्या एक मावशी आहेत, पन्नाशी उलटलेल्या. त्यांच्या शिकलेल्या भाच्याने सुटीत सगळ्या घराला टीव्हीपुढे बसवून हाच सिनेमा लावला. हेतू चांगला होता. सिनेमाच्या सुरुवातीलाच नागीची चिता आहे, आणि लहान्याला तिला अग्नी द्यायला आणलेले आहे. मावशी तेवढ्यावरच उठल्या आणि मागच्या अंगणात जाऊन बसल्या. पोरे म्हणाली, ‘अगं मावशी, सिनेमाच आहे तो!’ सगळे हसले. पंधरा दिवसांनी मावशी माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचे वजन उतरले होते. गॅस पेटवताना हात थरथरत होते. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या. तीस वर्षांपूर्वी त्यांची थोरली बहीण सासरी जळून गेली होती. स्टोव्हचा भडका, असे कागदावर लिहिले गेले. मावशींनी त्याविषयी तेव्हापासून कोणाजवळ एक अक्षर काढले नव्हते.

शिक्षकांचा त्रास आणि मावशींचा त्रास बाहेरून सारखा दिसतो. दोघांचीही झोप उडालेली, दोघांचीही भूक गेलेली. पण आतून तो वेगळा आहे. शिक्षकांना दुसऱ्याचे दुःख लागले होते. मावशींचे स्वतःचे दुःख उघडे पडले होते. त्यांच्यासाठी तो सिनेमा नव्हताच. अशा माणसाला ‘सिनेमाच आहे’ म्हणणे म्हणजे फुटलेल्या गळवावर टिचकी मारणे. मावशींना मी जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले. काही महिने त्या जात राहिल्या. आता त्या बहिणीचे नाव घेऊन बोलतात, रडतातही, आणि जेवतातही.

अशा मावशी प्रत्येक गल्लीत आहेत. दंगलीतून वाचलेली माणसे आहेत, अपघातात मूल गमावलेले बाप आहेत, लहानपणी कोणीतरी हात लावल्याचे कोणालाच न सांगितलेल्या मुली आणि मुलगेही आहेत. कोणाच्या कपाळावर हे लिहिलेले नसते. म्हणून कोणी उठून गेले तर त्याला हळवा, भित्रा म्हणू नये. ‘दम असेल तर बघून दाखव’ अशा पैजा तर मुळीच लावू नयेत. उठून जाणाऱ्याला आपली जखम आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते.

लहान मुलांचेही तसेच. सात-आठ वर्षांपर्यंत पडद्यावरचे खोटे आणि घरातले खरे यांतली सीमा पुसट असते. १९९९ साली क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर या दोन संशोधकांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांना सिनेमा किंवा टीव्हीवर काही पाहून प्रचंड घाबरल्याची जुनी आठवण होती, आणि सुमारे चौथ्या हिश्श्याला त्या भीतीचा काही अंश अजूनही जाणवत होता. ‘ते खेळतंय कोपऱ्यात, त्याचं कुठे लक्ष आहे’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

कायद्याचे माप आणि घराचे माप

एवढे वाचून काही वाचक म्हणतील, मग असले सिनेमे काढायचेच कशाला? सरकारने बंदी का घालू नये? मी या मताचा नाही.

याच निहलानींची ‘तमस’ ही मालिका जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवर लागली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, फाळणीच्या दंगलींची. ती थांबवावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि प्रदर्शनाला परवानगी दिली. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय दिला. त्या निकालात स्वातंत्र्यापूर्वी आपल्या नागपूरच्या न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेले माप वापरले होते. एखाद्या शब्दाचा किंवा दृश्याचा परिणाम विचारी, खंबीर मनाच्या माणसावर काय होईल ते पाहावे. डळमळीत, जिथे तिथे धोका पाहणाऱ्या मनाला प्रमाण मानू नये, असा त्याचा आशय.

कायद्याचे हे माप मला योग्य वाटते. सर्वांत घाबरट माणसाला सोसेल तेवढेच दाखवायचे ठरवले, तर फाळणीही दाखवता येणार नाही आणि नागीही नाही. मग त्या चार ओळींच्या बातम्या चार ओळींतच राहतील, आणि ज्यांना त्या तशाच राहायला हव्या आहेत त्यांचे फावेल. पण घर म्हणजे न्यायालय नव्हे. घराचे माप उलटे असावे. टीव्हीचे बटण दाबताना घरातल्या सर्वांत खंबीर माणसाचा नव्हे, सर्वांत नाजूक माणसाचा विचार करावा. देशात सिनेमा मोकळा असावा आणि घरात तो जपून लावावा. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

सरकारी प्रमाणपत्र या कामी थोडी मदत करते. २०२३ मध्ये सिनेमाच्या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आता ‘यूए’ प्रमाणपत्रात ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील असे तीन गट आहेत. ओटीटीवरील कार्यक्रमांनाही २०२१ च्या नियमांनुसार असेच वयाचे शिक्के आहेत. पण शिक्का वय सांगतो, जखम सांगत नाही. ती घरातल्या माणसांनीच ओळखायची.

पूर्वी असे सिनेमे आपण एकट्याने पाहत नव्हतो, हेही आठवून पाहा. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. अशा फिल्म सोसायट्यांत सिनेमा संपला की लोक लगेच पांगत नसत. बाहेर चहाच्या टपरीपाशी उभे राहून तासतासभर वाद घालत. दिग्दर्शकाने हे दाखवायला हवे होते की नको, कोणाचे चुकले, आपण त्या वकिलाच्या जागी असतो तर काय केले असते. त्यांना वाटे आपण कलेची चर्चा करतो आहोत. डॉक्टर म्हणून मला वाटते ते एकमेकांवर उपचार करीत होते. बोलता बोलता श्वास संथ होत असे, चित्राला शब्द मिळत, आणि माणूस घरी जाईपर्यंत निम्मे ओझे टपरीवरच उतरलेले असे. आज सिनेमा खिशात आला आणि टपरी गेली.

काय करावे?

पाहण्याआधी कथा कशाविषयी आहे हे विचारून किंवा वाचून घ्या. शेवट कळला म्हणून असल्या सिनेमाचे काही बिघडत नाही. अलीकडे घरात मृत्यू झाला असेल, बाळंतपण झाले असेल, स्वतःची झोप आधीच बिघडलेली असेल, तर महिना-दोन महिने थांबा. सिनेमा कुठे पळून जात नाही.

शक्यतो संध्याकाळी पाहा, रात्री अकरा-बारानंतर नको. इअरफोनपेक्षा खोलीतला आवाज बरा, मोबाइलपेक्षा टीव्ही बरा, अंधारापेक्षा एक दिवा बरा. सोबत कोणी असावे. सोसेनासे झाले तर थांबवा. थांबवणे म्हणजे हरणे नव्हे.

पाहून झाल्यावर लगेच झोपू नका. तोंडावर पाणी मारा, अंगणात किंवा गच्चीवर दहा मिनिटे फिरा. हाताला काम द्या. उद्याची भाजी निवडा, तांदूळ निवडा, मुलांचा ठोकळ्यांचा खेळ असेल तर तो जुळवा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. असे आठ-दहा श्वास घेतले तरी नाडी खाली येते. मग जे वाटले ते कोणाजवळ तरी बोला. जवळ कोणी नसेल तर वहीत चार ओळी लिहा. मात्र दुसऱ्याला बोलायला भाग पाडू नका. आघातानंतर लगेच माणसाला खोदून खोदून बोलते करण्याचा फायदा होत नाही, असे अभ्यासांत दिसून आले आहे. ‘मी आहे इथे’ एवढे म्हणून शेजारी बसणे पुरे.

डॉक्टरकडे केव्हा यावे? दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, तीच दृश्ये दिवसाढवळ्या समोर येत असतील, नेहमीची कामे टाळावीशी वाटत असतील, सिनेमाच्या निमित्ताने स्वतःचेच जुने काही वर आले असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल तर. यातल्या शेवटच्या कारणासाठी एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करून मराठीत बोलता येते. आणखी एक सूचना. छातीत दुखणे पाच-दहा मिनिटांहून अधिक टिकले, दुखणे हातात किंवा जबड्यात उतरू लागले, दम लागला, तर सिनेमाला दोष देत बसू नका. ताबडतोब रुग्णालय गाठा.

ज्यांना काहीच वाटत नाही

शेवटी माझ्या मनातली एक भीती सांगतो. झोप उडालेले शिक्षक मला काळजीत टाकत नाहीत. मला काळजी वाटते ती व्हॉट्सअॅपवर आलेली खऱ्याखुऱ्या खुनाची, जमावाच्या मारहाणीची चित्रफीत चहा पिताना पाहून ‘पुढे पाठव’ म्हणणाऱ्या पोरांची. तिथे ना कथा असते, ना लहान्याचे मौन, ना नागीचे नाव. फक्त मार असतो. असे काही रोज पाहत गेले की सुरुवातीची धडधड हळूहळू कमी होत जाते. शरीराला सवय होते. पोरांना वाटते आपण खंबीर झालो. खरे तर धोक्याची घंटा बधिर झालेली असते, आणि ती घंटा दुसऱ्याच्या दुःखासाठीही तीच असते. शेजारच्या घरातून रात्री बाईच्या ओरडण्याचा आवाज आला, तर ती वाजायला हवी.

म्हणून ‘आक्रोश’सारखा सिनेमा जरूर पाहा, ज्यांना सोसेल त्यांनी. तो पाहून जेवण गेले नाही, डोळा लागला नाही, तर स्वतःला दुबळे समजू नका. आणि तुमच्या घरात कोणी रात्री उशिरा मोबाइल उपडा ठेवून गप्प बसलेले दिसले, तर त्याला रागावू नका, झोपायलाही पाठवू नका. ‘काय पाहिलंस?’ एवढे विचारा, आणि तो बोलेपर्यंत जवळ बसा.